लुटूपुटूचा सामना

तिनं पॉपकॉर्नची पिशवी उचलून मांडीवर घेतली, एवढंच झालं. तोवर ती पिशवी आमच्या दोघींच्या मधे बाकावर होती, आणि तिनंच दोनदा 'घ्या ना' म्हटल्यामुळे मी संकोच सोडून अधूनमधून चार दाणे उचलत होते. मग मी ओरडले. माझ्याबरोबर आणखी काही हजार माणसं ओरडली. ओरडून झाल्यावर हसत हसत, सवयीनं माझा हात बाजूला गेला, तर तिथं नुसता बाक. पिशवी तिच्या मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, नजर समोर. याला आता तीन आठवडे होतील. भांडी घासताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, तो रिकामा बाक मधेच माझ्या हाताला लागतो.

सामना तसा काहीच नव्हता. कॅन्सस विद्यापीठाचा, म्हणजे आमच्या केयूचा, बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी ऑक्टोबरच्या शेवटी घरच्या मैदानावर एक लुटूपुटूचा सामना असतो. समोर बहुतेक वेळा राज्यातलंच एखादं लहान कॉलेज बोलावतात: वॉशबर्न, फोर्ट हेज, एम्पोरिया, पिट्सबर्ग, यांच्यापैकी कुणीतरी. यंदा कोण होतं ते मुद्दाम लिहीत नाही, त्या पोराला उगाच कुणी शोधत बसायला नको. या सामन्याची हार-जीत कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. आमचा प्रशिक्षक बिल सेल्फ यानं २०२४ च्या नोव्हेंबरात इथला ५९१ वा विजय मिळवून जुना प्रशिक्षक फॉग ॲलन याला मागं टाकलं, त्या मोजणीत असल्या सामन्यांतला एकही विजय नाही. लहानपणी लगोरी खेळताना धाकट्या भावंडाला 'कच्चं लिंबू' म्हणून घ्यायचो. ते पळतं, ओरडतं, पण बाद होत नाही. इथं अख्खा सामनाच कच्चं लिंबू.

म्हणूनच मला तिकीट मिळालं. एरवी ॲलन फील्डहाउसचं, म्हणजे केयूच्या त्या घरच्या मैदानाचं, तिकीट आमच्यासारख्यांच्या हाती लागत नाही. ज्यांच्याकडे पिढीजात मोसमाची तिकिटं आहेत, ती माणसं या एका सामन्याचं तिकीट शेजाऱ्याला, कामवाल्या बाईला, ऑफिसातल्या माझ्यासारखीला देऊन टाकतात. आदल्या दिवशीचं वरण शेजारी द्यावं तसं. त्यामुळे त्या दिवशी गर्दी वेगळीच असते. लहान पोरं भरपूर, आजी-आजोबा भरपूर, आणि आपली जागा शोधताना तिकिटाकडे चारचारदा बघणारे लोक. आमची लेक तिथं पहिल्या वर्षाला आहे, ती विद्यार्थ्यांच्या बाजूला, थेट समोर. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, 'जो मोजत नाहीत तो सामना बघायला चाळीस मिनिटं गाडी चालवायची?' पुण्याचा आहे. मी एकटीच निघाले.

लॉरेन्सला, म्हणजे केयूच्या गावाला, जाताना के-टेन रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा सोयाबीन निघून गेलेलं असतं आणि मधूनमधून एखाद्या वावरात नुकताच उगवलेला गहू दिसतो. इथला गहू आपल्या रब्बीसारखाच, थंडीच्या तोंडावर पेरायचा, फक्त तो मधे बर्फाखाली झोपतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. यवतमाळकडच्या माणसाला पेरलेलं रान दिसलं की गाडी आपोआप हळू होते. हे सतरा वर्षांत गेलेलं नाही.

लवकर पोचले म्हणून लेक मला शेजारच्या इमारतीत घेऊन गेली. तिथं काचेमागे दोन पिवळट कागद आहेत, टाइप केलेले, हातानं दुरुस्त्या केलेले. जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकानं १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला लिहिलेले बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम. २०१० साली लिलावात एका माजी विद्यार्थ्यानं ते त्रेचाळीस लाख डॉलरला घेतले आणि इथं आणून ठेवले, कारण नेस्मिथ पुढे १८९८ मध्ये या विद्यापीठात आला, इथंच राहिला आणि इथंच पुरला गेला. त्याच्या संघानं ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. ज्यानं खेळ काढला तो सोडून केयूचा दुसरा एकही प्रशिक्षक असा तोट्यात गेलेला नाही, ही गोष्ट इथले लोक अगदी मायेनं सांगतात. सुरुवातीला बास्केट म्हणजे खरोखरच पीचच्या टोपल्या होत्या, बूड असलेल्या. चेंडू आत पडला की तो काढायला कुणीतरी शिडीवर चढायचं. मी तेराही नियम वाचले. खांद्यानं ढकलायचं नाही, धरायचं नाही, पाडायचं नाही, चेंडू घेऊन पळायचं नाही. बघणाऱ्यांनी काय करायचं नाही याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तेव्हा मला ते काही जाणवलं नव्हतं. आता जाणवतं.

फील्डहाउस बाहेरून एखाद्या मोठ्या गोदामासारखं दिसतं. १९५५ सालचं, चुनखडीच्या दगडाचं. आत शिरलं की आधी वास येतो: मक्याचा, लोण्याचा, घासूनपुसून ठेवलेल्या लाकडाचा आणि ओल्या लोकरीच्या कोटांचा. मग आवाज. आवाज तिथं वरच्या लोखंडी कैच्यांत अडकून राहतो, खाली येताना जाड होऊन येतो. २०१७ साली याच छपराखाली १३०.४ डेसिबलचा विक्रम नोंदवलाय. सुरुवातीला सगळे उठून 'रॉक चॉक, जेहॉक, केयू' म्हणतात. जेहॉक म्हणजे केयूच्या बोधचिन्हातला पक्षी. ती घोषणा म्हणजे आरडाओरड नव्हे. ती संथ आहे, एकेक अक्षर लांबवत, खालच्या पट्टीत. आरती झाल्यावर मंत्रपुष्पांजलीला सगळ्यांचे आवाज एकदम खाली येऊन जुळतात ना, तसं होतं. अर्थ कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी मला अंगावर काटा आला होता, आणि आपण परक्याच्या देवळात उगाच उभे आहोत असंही वाटलं होतं. आता पाठ आहे.

पाहुण्यांची नावं पुकारतात तेव्हा विद्यार्थी डोळ्यांसमोर वर्तमानपत्र धरून वाचत बसतात. तुम्ही कोण, आम्हाला काय त्याचं, असा भाव. आणि आपल्या संघाची नावं सुरू झाली की त्याच पेपरांचे बारीक तुकडे हवेत उडतात. खरं तर मजेदार असतं ते. कडेला गरम होणारी पाहुण्यांची पोरं मात्र त्या दिवशी वर बघत होती. पेपरांकडे नाही, छपराकडे. एकानं तर मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून.

संघ कसा वाटला, असं दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौघांनी विचारलं, तेव्हा इथंही सांगून टाकते. निम्मे चेहरे नवे. हल्ली दरवर्षी पोरं कॉलेजं बदलतात, त्यामुळे घरचा संघसुद्धा ऑक्टोबरात पाहुण्यासारखाच भेटतो. आतला उंच पोरगा सात फुटांच्या आसपास, पण त्याची अजून स्वतःच्या हातापायांशी ओळख व्हायचीय. समोरच्यानं चेंडू वर नेल्याचं नाटक केलं की हा प्रत्येक वेळी हवेत. चेंडू आणणारा गडी मला आवडला. तो बघतो डावीकडे आणि पास जातो उजवीकडे, शिवाय पास जरा लवकरच जातो, म्हणजे घेणाऱ्यानं तिथं पोचलंच पाहिजे. लांबचे शॉट पहिल्या अर्ध्यात सगळे रिंगेच्या पुढच्या कडेला लागत होते. पाय जड असले की असं होतं, रोज सराव करून घेत असतील. बचावात आपापसात बोलणं कमी. एक जण परत धावला नाही तर सेल्फनं त्याला तिथल्या तिथं बसवला आणि स्वतः कपाळाला हात लावून खाली बघत राहिला. जानेवारीपर्यंत जमेल. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचं मार्चला.

ती पॉपकॉर्नवाली बाई माझ्या डाव्या हाताला होती. सत्तरीच्या पुढची, पांढरे केस बारीक कापलेले, अंगात राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आत इतकं उकडत होतं, मी स्वेटर काढून मांडीवर घेतला होता, पण तिनं एक बटण सोडलं नाही. म्हातारपणी थंडी वाजते, असं मी धरून चालले. खेळ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, आमच्या एका पोरानं चेंडू हातात घेऊन पाऊल सरकवलं आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, 'स्टेप्स!' शिट्टी त्यानंतर वाजली. ती माझ्याकडे वळली. 'स्टेप्स म्हणजे?' मी सांगितलं, आमच्याकडे असं म्हणतात. ती हसली. 'आम्ही चालला म्हणतो. तुम्ही खेळलेल्या दिसता. पंचाच्या आधी ओरडलात. तेही आपल्याच माणसाविरुद्ध.' मग पॉपकॉर्नची पिशवी मधे आली.

दुसऱ्या अर्ध्यात पाहुण्यांचा एक नवा पोरगा आत आला. आल्या आल्या चेंडू त्याच्याकडे, समोर कुणी नाही, कोपरा मोकळा. त्यानं वेळ घेतला. मला दिसत होतं, जरा जास्तच घेतला. चेंडू हातातून सुटला तो रिंगेच्या दीड हात अलीकडे, कशालाही न लागता, थेट रेषेबाहेर. क्षणभर शांतता. आणि मग समोरून, विद्यार्थ्यांतून, ते सुरू झालं. 'एअर-बॉल'. दोन सूर, एक वरचा, एक खालचा, सगळीकडे हाच ठरलेला. दुसऱ्या वेळी आमच्या बाजूचेही त्यात मिसळले. तिसऱ्या वेळी मी. तो पुन्हा चेंडूला शिवला की पुन्हा. पास देऊन मोकळा झाला तरी, पाठीवर, 'एअर-बॉल'.

खोटं कशाला बोलू, मजा आली. इथं सतरा वर्षं झाली, पण माझं इंग्रजी अजून दुकानात एकदा तरी 'पुन्हा सांगता?' ऐकून घेतंच. त्या दोन सुरांत कुणी पुन्हा विचारत नाही. तोंड उघडलं की आपला आवाज कुठला आणि बाकीच्यांचा कुठला, काही उरत नाही.

मग बाक रिकामा.

मी यवतमाळच्या कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट, १९९६ ची. मुलींचा संघ म्हणजे आम्ही आठ जणी, त्यांतल्या तिघींना चेंडू पकडता यायचा. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजानं सरावासाठी बोलावलं. आम्हाला वाटलं, आम्हाला सराव मिळावा म्हणून. बरोबर यायच्या त्या मॅडमना ऐन वेळी ताप आला, आणि मुली एकट्या कशा पाठवायच्या म्हणून माझे बाबा निघाले. जिल्हा परिषदेत कारकून, रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात पाण्याचा थर्मास. पहाटेची एसटी, नेर, नांदगाव खंडेश्वर, मग बडनेऱ्याहून अमरावती. त्यांचं मैदान सिमेंटचं होतं. आमचं मुरुमाचं. सिमेंटवर चेंडू इतका उसळतो हेच आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पांढऱ्या रंगानं आखलेल्या रेषा, खरे लाकडी बोर्ड, वर नंबर. रिंगांना जाळ्या तेवढ्या नव्हत्या, कुणीतरी काढून नेलेल्या. त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर दोनदा वाद झाला, आणि दोन्ही वेळा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्यांच्या मुलींना खरे बूट होते. आमचे कॅनव्हासचे, खडू लावून पांढरे केलेले.

शेवटाकडे मला फ्री थ्रो मिळाला. कठड्यावर त्यांची पोरं बसलेली, पाय खाली सोडून. मी दोनदा चेंडू आपटला, सरांनी शिकवलं होतं तसं, गुडघे वाकवले, आणि टाकला. तो पोचलाच नाही. हवेतच थकला जणू. कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, 'ए यवतमाळ, कापूस हलका असतो, बॉल जड असतो!' हशा पिकला. पुढचे चार दिवस ते वाक्य माझ्या कानात होतं, पण खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं. मी मान वर केली तेव्हा मला त्या पोरांच्या रांगेशेजारी उभे असलेले बाबा दिसले. थर्मास छातीशी धरलेला. तेही हसत होते.

परत येताना एसटीत मी खिडकीशी आणि ते शेजारी. बडनेऱ्याला त्यांनी संत्री घेतली, सोलून एकेक फोड पुढं केली. मी घेतली नाही. त्यांनी ती स्वतः खाल्ली नाही, आठही जणींना वाटली. त्या हसण्याबद्दल मी कधी विचारलं नाही. नंतर लग्न, हैदराबाद, मग हे. आमच्यात बोलायला इतर विषय भरपूर होते: रक्तदाब, विहिरीचं पाणी, वाटणीची केस.

केयूचा तो सामना आम्ही आरामात जिंकलो. किती गुणांनी ते सांगण्यात अर्थ नाही. तो पोरगा परत आत आला नाही, बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला मला दिसत होता, कारण मी आता त्यालाच बघत होते. शेवटचा भोंगा वाजला आणि सगळ्यांनी हात वर करून डोलवायला सुरुवात केली. याला इथं गहू डोलवणं म्हणतात. हजारो हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, वारा सुटलेल्या ओंब्यांसारखे. हा प्रकार मला केयूच्या सगळ्या प्रथांमध्ये सगळ्यात आवडतो. मी एक हात वर केला. तिनं केला नाही. तिनं पिशवी घडी घालून पर्समध्ये ठेवली, आत अजून निम्मी भरलेली होती, मला म्हणाली, 'सांभाळून जा, के-टेनवर हरणं येतात', आणि पायऱ्या उतरायला लागली. एकेक पायरी, कठड्याला धरून.

मी खाली लेकीची वाट बघत थांबले. पाहुण्यांच्या बाकामागे त्यांची माणसं जमली होती, पंचवीस-तीस, सगळ्यांच्या हातात फोन. पोरं मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या त्या निळ्या पक्ष्यावर उभी राहून फोटो काढून घेत होती. हरलेली वाटत नव्हती. ती त्यांच्यात होती. कोटाची बटणं आता सुटलेली, आत त्या कॉलेजच्या रंगाचा टीशर्ट, आणि तोच पोरगा तिच्यासमोर कंबरेत वाकून उभा, हनुवटी तिच्या पांढऱ्या केसांवर टेकवलेली. आजी असेल. आजीची बहीण असेल. ती त्याच्या हातात पॉपकॉर्नची पिशवी देत होती.

म्हणजे ती त्याच्यासाठी राखून ठेवायलाच पिशवी मांडीवर घेतली असेल का? असेलही. मी संपवतेय हे बघून घेतली असेल. किंवा नुसते गुडघ्यावर हात ठेवायला जागा हवी असेल. परतीच्या वाटेवर मी हे सगळं उलटसुलट करून पाहिलं. एक हरीणही दिसलं, रस्त्याच्या कडेला, डोळे चमकवत उभं. मला एक मात्र सारखं वाटत राहिलं, की ती उकडत असताना बटणं लावून बसली, परक्या गर्दीत, ओळख न देता. तसं बसता येतं. तशाच गर्दीत हसताही येतं.

लेकीनं रात्री व्हिडिओ पाठवला. 'आई, तू दिसतेस का बघ.' समोरच्या बाजूनं काढलेला, नेमका तोच प्रसंग. तो कोपरा, तो चेंडू, ते दोन सूर. आमची बाजू म्हणजे निळ्या-लाल ठिपक्यांची भिंत. मी मोठं करून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. एक राखाडी ठिपका होता, त्याच्या शेजारचा मी असावी. तोंड उघडं होतं की नाही ते कळत नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांना फोन लावला. त्यांच्याकडे रात्र. शहाऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, फोन अगदी तोंडाजवळ धरतात, त्यामुळे मला त्यांचं फक्त नाक आणि चष्म्याची एक काच दिसते. मी सगळं सांगितलं. सामना, ती बाई, पॉपकॉर्न, मी ओरडले ते. ते हूं हूं करत होते.

'पॉपकॉर्न केवढ्याचे होते?' त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

'तेवढ्यात तं तीन किलो तुरीची दाळ आली असती,' ते म्हणाले. मग मागं टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला. मला वाटलं फोन गेला.

'तुहा बॉल,' ते म्हणाले.

'कोणता, बाबा?'

'अमरावतीचा. थो जाळीले लागला होता. खालून. म्या पाह्यला होता. त्या पोट्ट्यांले दिसलाच नाही.'

चष्म्याची काच हलत होती.

'हो,' मी म्हटलं. 'लागला होता.'